शिसे : गोदा-तेरणेच्या काठचा एक उपेक्षित धातू



यंदाच्या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मी उलट टपाली ‘शिसे’ एवढेच लिहून पाठविले. त्यावर त्यांनी पुन्हा विचारले की, लिहिताना एखादा शब्द गळला तर नाही ना? शब्द गळलेला नव्हता. सोन्याच्या भावाची चर्चा आपल्या पेठेत रोज होते, लोखंडावाचून कोणाचेच चालत नाही, तांब्याचा हंडा अजून काही घरांत माळ्यावर जपून ठेवलेला असतो. शिशाची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. केली तरी चुकीच्या ठिकाणी करतो. मुलाच्या हातातील लेखणीला आपण शिसपेन्सिल म्हणतो. तिच्यात शिसे औषधालाही नसते, असतो तो ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच एक भाऊबंद. उलट गावच्या वेशीवरील मारुतीला आपण शेंदूर चढवितो; तो अस्सल असेल तर त्याच्या वजनाचा दहांतील नऊ भाग शिसेच असते, पण तेथे त्याचे नाव कोणाच्या मनातही येत नाही.

प्रथम या धातूचा स्वभाव पाहू. शिसे जड आहे. एक लिटर पाणी मावेल अशा तांब्यात ते ओतले तर आतील माल अकरा किलोंहून अधिक भरेल. तेवढ्याच लोखंडाचे वजन आठ किलोंच्या आत राहते. ते मऊ आहे, चाकूने कापता येते, कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते. ताजा काप चांदीसारखा चमकतो आणि थोड्याच वेळात हवेने काळवंडतो. पण त्याचा खरा गुण निराळा आहे. लोखंड वितळावयास पंधराशे अंशांहून अधिक उष्णता लागते, तांब्याला १०८५ अंश, चांदीला ९६२. शिसे ३२७ अंशांवर पाणी होते. त्याला भट्टी नको, भाता नको. तीन दगडांची चूल आणि लोखंडी पळी असली की पुरे. आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक सारे या एका गुणातून निघाले आहे. जे इतक्या सहजी वितळते त्याचे काहीही करता येते, आणि जे केले ते तितक्याच सहजी मोडताही येते.

नावे जुनी आहेत. संस्कृतात त्याला ‘सीस’ म्हणतात, आणि ‘नाग’ असेही म्हणतात. यजुर्वेदातील ज्या चमकाचा पाठ रुद्राभिषेकाच्या वेळी आपण सोमवारी ऐकतो, त्यात यजमान जे जे मागतो त्या यादीत सोने, लोखंड, कथील यांच्या पंक्तीला शिसेही आहे. अथर्ववेदात भुताखेतांना दूर ठेवण्यासाठी शिसे योजिले आहे. त्रपु म्हणजे कथील आणि सीस म्हणजे शिसे हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. लोकांनी मात्र पुढे दोहोंची सरमिसळ केली. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतावे, असे धर्मशास्त्र सांगते, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. गौतमाच्या धर्मसूत्रात प्रत्यक्ष शब्द आहेत ते त्रपु आणि जतु, म्हणजे कथील आणि लाख. हा पाठभेद मी केवळ नोंदीसाठी सांगितला. ज्याच्या कानात ते ओतण्याची भाषा होती त्याच्या दृष्टीने या धातुशास्त्राला काडीचीही किंमत नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. नांदेड-लातूरची जमीन काळी आहे, कारण तिच्याखाली काळा खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि हे दख्खनचे पठार तयार झाले. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-किनवटच्या बाजूस जुना ग्रॅनाइट डोके वर काढतो. बाकी सारा मुलूख या काळ्या पाषाणाचा. त्यात बांधकामाला दगड मिळतो, कापूस-तुरीला माती मिळते, पण शिशाची खाण मिळत नाही. शिसे ज्या खनिजातून निघते ते गॅलेना राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे आहे, आंध्रात गुंटूरकडील अग्निगुंडाला येथे आहे, आपल्याकडे नाही. म्हणून या भागात शिशाचा जो तुकडा जुन्या थरात सापडेल तो कोणीतरी दुरून आणलेला असला पाहिजे, आणि ज्याने आणला त्याला येथे त्याच्या बदली काही मिळत असले पाहिजे. इतिहासाच्या दृष्टीने शिशाची किंमत येथे सुरू होते. ज्या गावी माल दुरून येतो ते गाव आडरानातले नव्हे.

दुरून कोठून, याचे एक उत्तर लेखी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव तिच्यावर नाही. भडोच बंदरात काय उतरते त्याची यादी तो देतो : इटलीची दारू, तांबे, कथील आणि शिसे. पुढे तो सांगतो की, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड, तगरहून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला येते, आणि तीही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. त्याच शतकातील प्लिनी हा रोमन पंडित तर तक्रारीच्याच सुरात लिहितो की, हिंदुस्थानात तांबेही नाही, शिसेही नाही. ते लोक आपली रत्ने व मोती देऊन ही घेतात. प्लिनीला जावरची माहिती नव्हती हे उघड आहे. तरी बंदरावर काय चालले होते ते त्याने बरोबर ऐकले होते.

हे तगर म्हणजे आपले तेर. १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने ही ओळख पटविली. लातूरच्या पश्चिमेस तेरणेच्या काठी ते आहे. आज धाराशिव जिल्ह्यात मोडते, पण १९८२ पर्यंत लातूर आणि तेर एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तेव्हा लातूरकरांनी त्यावर थोडा हक्क सांगितला तर तो गैर म्हणता येणार नाही. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. त्याच्याही आधीपासून त्या गावचे एक गृहस्थ, रामलिंगप्पा लामतुरे, पावसाळ्यानंतर शेतात व पांढरीच्या मातीत उघडे पडणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी वेचून घरी आणीत होते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाच्या छंदातून तेरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि तगराची हस्तिदंती बाहुली पाहावयास जगातील अभ्यासक तेथे येऊ लागले. लोक बाहुली पाहतात, आणि ती पाहण्यासारखीच आहे. परंतु मी आपणांस विनंती करीन की, पुढल्या खेपेस नाण्यांच्या पेटीशीही थोडे थांबावे.

सातवाहनांचे राज्य इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात नांदले. पैठण ही त्यांची राजधानी. गोदेच्या खालच्या अंगाला तेलंगणात कोटिलिंगाल येथे त्यांच्या आद्य राजाची, छिमुकाची, नाणी मिळाली आहेत. या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या नदीवर, मधल्या वाटेत, नांदेडचा घाट आहे. या राजांनी चांदीची नाणी पाडली, तांब्याची पाडली, तांबे-कथील-शिसे यांच्या मिश्रणाची पाडली, ज्याला नाणेशास्त्रात पोटीन म्हणतात. आणि त्यांनी निव्वळ शिशाचीही नाणी पाडली. जगाच्या इतिहासात शिशाचे नाणे राजरोस चालविणारी राज्ये थोडी. आंध्रात आणि कोल्हापुराकडे ही नाणी विपुल सापडतात. कोल्हापूरच्या विळिवायकुर राजांच्या शिशाच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे. आंध्र किनाऱ्यावरील काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. इतरत्र सोंड वर केलेला हत्ती, आणि मागे चार टोकांना चार वर्तुळे असलेली ती फुली, जिला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. कडेने ब्राह्मी अक्षरांत आणि प्राकृत भाषेत राजाचे नाव. संस्कृतात नव्हे. बाजारात जी भाषा चाले तिच्यातच ते नाणे बोलते.

शिशाचेच का? चांदी थोरामोठ्यांच्या व्यवहाराला. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख पाहा. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेविली. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असे व्याज ठरले. हा उषवदात सातवाहनांचा नव्हे, त्यांच्या वैऱ्याचा जावई. परंतु बँक म्हणून विणकरांवर विश्वास टाकावा, इतके ते विणकर संपन्न होते, हे त्यावरून कळते. असल्या हिशोबाला चांदीच हवी. पण त्याच विणकराच्या घरची बाई जेव्हा मीठ, तेल, मडके घ्यावयास बाहेर पडे तेव्हा तिने चांदीचा कार्षापण मोडावयाचा कसा? तिला चिल्लर पाहिजे. स्वस्त, वजनदार, ओतावयास सोपा आणि मऊ असल्याने ठसा चटकन उचलणारा धातू चिल्लरीला योग्य. माझे स्वतःचे मत असे की, एखाद्या राज्यात सोन्याची नाणी किती निघाली यावरून राजाचे वैभव कळते, आणि शिशाची किती निघाली यावरून लोकांचा बाजार कळतो. तगराच्या पेठेत जाडेभरडे कापड विणणारा मनुष्य रोजच्या रोज रोख व्यवहार करीत होता, ही साक्ष त्या मळक्या चकतीने दिली आहे. ती देण्यास दुसरा साक्षीदार क्वचितच पुढे येतो.

हलक्या धातूच्या नाण्यांनी राजवंशावळीही दुरुस्त केल्या आहेत. १९३९ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा येथे सुमारे सोळाशे पोटीन नाण्यांचा साठा निघाला. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही जी नावे पुराणांच्या यादीत नव्हती ती इतिहासात आली. पुराणे विसरली, चिल्लर विसरली नाही.

मग अशी नाणी आपल्या गावोगावी ढिगांनी का सापडत नाहीत? काही मातीत कुजली, पण पुष्कळ वितळली. सोन्याचे नाणे सापडले तर मनुष्य घाबरून का होईना, जपून ठेवतो. शिशाची चकती सापडली तर तिचे काय करावयाचे? गोदेवरच्या भोयाला जाळ्याच्या कडेला ओवावयास गोळ्या लागतात. तांबटाला झाळण्यासाठी शिसे-कथील लागते. कल्हईवाला महाग कथिलात गुपचूप शिसे मिसळी, ती लबाडी तर आपल्या आज्यांना चांगलीच ठाऊक होती. चूल पेटलेलीच असते. हत्ती, सोंड, राजाचे नाव, सारे दोन मिनिटांत पाणी.

आणि पुढे बंदूक आली. गोळीला शिसे हवे, कारण ते जड असल्याने दूर जाते आणि मऊ असल्याने नळीत बसते. शिपाई साचा जवळ बाळगी आणि मुक्कामाच्या चुलीवर स्वतः गोळ्या ओती. उदगीर आणि औसा ही लातूर जिल्ह्यातील दोन नावे या संदर्भात विसरता येत नाहीत. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला येथे नमविले. साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, विजापुरासारखे किल्ले पदरात पाडून घेतले. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पायदळाचा आणि तोफांचा हात मोठा होता. त्याच गारद्यावर भरवसा ठेवून भाऊ पुढे पानिपतास गेले, ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. तिच्यात मी शिरत नाही.

गोळीहून शांत असा शिशाचा आणखी एक अवतार होता, तो छापखान्यातला खिळा. शिशात अँटिमनी व थोडे कथील घातले की धातू कठीण होतो, आणि थिजताना फारसा आक्रसत नाही, त्यामुळे अक्षराची कड साच्यात स्वच्छ उमटते. इंग्रजीचे काम शे-सव्वाशे खिळ्यांत भागे. आपल्या जोडाक्षरांना, काना-मात्रा-वेलांट्यांना कित्येक शेकडे लागत. मुंबईस जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचा जो सुबक खिळा पाडला, तो पुढे साऱ्या देशाने वाखाणला. मराठवाड्यात तर या शिशाने लढाईच केली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये हैदराबादेत ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजाम सरकारने ते बंद केले आणि संपादकांनी नाव पालटून ते पुन:पुन्हा काढले. ज्या राज्यात मराठी शाळा उघडावयास परवानगी लागे तेथे मराठी अक्षराचा खिळा हा दारूगोळ्यापेक्षा कमी धोक्याचा समजला जात नसे. पुढे ऑफसेट यंत्रे आली आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात किलोच्या भावाने गेल्या. आपली मराठी ज्या शिशातून छापली गेली तेही वितळले.

आता शेंदराविषयी बोलतो. ते अधिक जपून बोलावे लागेल. शिसे हवेत तापवीत राहिले की त्याचे पिवळसर भस्म होते. त्याला आपल्याकडे मुरदाडशिंग म्हणतात. ते आणखी, पण बेताच्या आचेवर, सुमारे साडेचारशे अंशांवर भाजले की नारिंगी-तांबडी पूड होते. तो शेंदूर. अमरकोशात सिंदुराला ‘नागसंभव’ म्हटले आहे, म्हणजे शिशापासून जन्मलेला. कोशकाराला रसायन पक्के माहीत होते. हिंगूळ निराळा, तो पाऱ्याचा. कुंकू त्याहून निराळे. घरी केलेले कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लावून होते, त्यात धातूचे विष नाही. महाराष्ट्रातील बाईने कपाळी कुंकू लावले आणि शेंदूर देवासाठी ठेविला, ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने फार बरी झाली.

शेंदूर तेलात कालवून लावला की तो नुसता सुकत नाही. तेलातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन टणक कवच तयार होते. लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून शतकभर हाच शेंदरी रंग देत असत, त्याचे कारणही हेच. देवावर असे थरावर थर चढतात. माहूरची रेणुका पाहा. डोंगरावरचा तो तांदळा, तो शेंदरी मुखवटा, तेच आपल्याला तिचे रूप वाटते. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगीवरील शेंदराचे लेप २०२२ मध्ये काढले, तेव्हा शेकडो किलो शेंदूर उतरला आणि आतून कोरीव मूर्ती प्रकट झाली. लोकांनी डोळे भरून पाहिले. खेडोपाडी अशा कितीतरी मूर्ती त्या कवचाखाली झाकलेल्या आहेत. मी श्रद्धेला हात लावीत नाही. एवढेच म्हणतो की, शेंदूर लावलेला हात धुतल्यावाचून प्रसाद वाटू नये, आणि बारक्या पोराच्या कपाळी तो बोट टेकू नये.

कारण शिसे हे विष आहे. आणि हे विषही त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. चुलीवर ते क्षणात विरघळते, शरीरातून मात्र हलत नाही. शरीराला ते चुन्यासारखे, म्हणजे कॅल्शियमसारखे भासते. रक्तात ते महिनाभर राहते, हाडांत मात्र वर्षानुवर्षे दडून बसते, आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून निघून पोटातील गर्भापर्यंत जाते. मोठ्या माणसाला पोटशूळ, अशक्तपणा, रक्तदाब. पण लहान मुलाला त्याहून वाईट. मूल दिसावयास धडधाकट असते, फक्त शाळेत मागे पडते, चिडचिडे होते, आणि त्याचे खापर त्याच्या आळसावर फुटते. शिसे इतके खाल्ले तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० मध्ये युनिसेफने जो अहवाल काढला त्यात जगातील तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे असल्याचे नमूद आहे. एकट्या भारतात अशी मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी.

प्राचीनांना याची कल्पना नव्हती असे नाही. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत. नळ बसविणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो तो शब्द त्यांच्या ‘प्लुंबुम्’ म्हणजे शिशापासूनच आला. त्यांच्याच विट्रुव्हियस नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने इसवी सनापूर्वी लिहून ठेविले की, शिशाच्या कामावरील माणसे फिकट पडतात, तेव्हा पाणी मातीच्या नळाने न्यावे. लोकांनी ऐकले नाही. आधुनिक जगाने तर त्याहून कमाल केली. १९२१ मध्ये अमेरिकेत असा शोध लागला की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर मोटारीचे इंजिन ठोके देत नाही. मग जगभर प्रत्येक मोटारीच्या नळकांड्यातून शिसे बाहेर पडू लागले. ते थांबण्याची कथा मोठी विलक्षण आहे. क्लेअर पॅटर्सन नावाचा शास्त्रज्ञ उल्केतील शिसे मोजून पृथ्वीचे वय काढीत होता. कारण युरेनियमचे रूपांतर अखेर शिशात होते. ते शिसे मोजले की काळ मोजता येतो. १९५६ मध्ये त्याने उत्तर दिले : सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. पण ते करताना त्याच्या प्रत्येक भांड्यात, प्रत्येक नमुन्यात बाहेरचे शिसे शिरत होते. ते कोठून येते हे शोधता शोधता तो पेट्रोलपर्यंत पोहोचला, आणि पुढचे आयुष्य त्याने या शिशाविरुद्ध भांडण्यात घालविले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात. घरगुती रंगांसाठी आपल्याकडे दशलक्ष भागांस ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

नांदेडच्या श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती हळदीची आहे. नांदेड-हिंगोली-वसमतचा पट्टा हळदीवर जगतो. बांगलादेशात काही वर्षांपूर्वी हळकुंडाला पॉलिश करताना पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट चोळीत असत. हा शिशाचाच रंग, गाड्या व फर्निचर रंगवावयाचा. २०१९ मध्ये तेथील बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत तो सापडला. सरकारने छापे घातले, लोकांत प्रचार केला, आणि २०२१ मध्ये तो एकाही नमुन्यात आढळला नाही. दोनच वर्षे लागली. आपल्या देशातही काही शहरांच्या बाजारांत तो रंग आढळला आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांना तो मुळीच मान्य नाही. आपली हळद मुळातच पिवळी आहे. तिला रंग चढविणारा व्यापारी दुसऱ्याच्या लेकराला विष देतो ते निराळेच, शिवाय साऱ्या पेठेचे नाव घालवितो.

असे असूनही शिसे आपल्या घरांतून गेलेले नाही. उलट कधी नव्हते इतके आले आहे. जगातील शिशाचा फार मोठा भाग आज बॅटरीत जातो. गंधकाच्या आम्लात बहुतेक धातू खाक होतात, शिसे टिकते; हे ओळखून १८५९ मध्ये प्लँटे या फ्रेंच माणसाने पुन:पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. मराठवाड्यात वीजकपातीचे दिवस आले तेव्हा लातूरच्या शिकवणीच्या खोल्यांपासून नांदेडच्या दवाखान्यांपर्यंत जिन्याखाली इन्व्हर्टर बसले. त्या जड बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ठिकाणीच परत द्यावी, असा नियम २००१ मध्ये झाला. ती उघड्यावर फोडून कढईत शिसे गाळणाऱ्याच्या वस्तीतील माती आणि मुले दोन्ही बाधतात.

शेवटी पुन्हा त्या नाण्याकडे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, जुन्या संग्रहात सातवाहन नाणी पाहावयास गेलो होतो. लाकडी कपाट, लाकडाचे खण, प्रत्येक खणात पुठ्ठ्याच्या डबीत नाणे आणि खाली सुवाच्य चिठ्ठी. तांब्याची नाणी हिरवट पडली होती, पण वाचता येत होती. शिशाच्या डब्या एकामागून एक उघडल्या. ‘शिसे, हत्ती, सातवाहन, तेर’ असे चिठ्ठीवर होते आणि डबीत चमचाभर पांढरी पूड. कोणी चोरी केली नव्हती. लाकूड आणि पुठ्ठा यांतून शिरक्याच्या आम्लाची अगदी सूक्ष्म वाफ निघत असते. बंद कपाटात ती साठते आणि शिशाचा हळूहळू सफेदा करते. जुने रंगारी सफेदा तयार करीत तोही शिशाचे पत्रे शिरक्याच्या वाफेत कोंडूनच. त्या सज्जन माणसांनी नाणी जपून ठेवली, आणि जपण्याच्या जागेनेच ती खाल्ली. दोन हजार वर्षे काळ्या मातीत टिकलेला हत्ती चाळीस-पन्नास वर्षांत कपाटात विरला.

म्हणून तेरणा, मांजरा, गोदेच्या काठी ज्यांची शेते आहेत त्यांना माझे सांगणे आहे. नांगराला पांढरट बुरशी आलेली जड चकती लागली तर ती घासू नये, चिंचेने धुऊ नये, चुलीजवळ नेऊ नये. काचेच्या किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या डबीत कोरडी ठेवावी, लाकडी पेटीत नको. कोणत्या शेतात, किती खोल, कशाबरोबर सापडली ते कागदावर लिहावे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तहसिलात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्दी द्यावी. आणि नंतर हात साबणाने धुवावेत.